सूर्योदय, सन १८७२

१/
पॅरिस, १५ एप्रिल १८७४. छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत एक प्रदर्शन उघडले. सरकारमान्य ‘सालों’कडे पाठ फिरवून सुमारे तीस कलावंतांनी ते स्वबळावर भरवले होते. त्यात क्लोद मोने याचे एक लहानसे चित्र होते : पहाटेचे बंदर, धुक्यातल्या नावा आणि नारिंगी सूर्य.

२/
हे बंदर ल हाव्रचे. मोनेचे बालपण याच शहरात गेले. पुढची नाव काळ्या फटकाऱ्यांत उभी आहे. मागे धुक्यात विरघळलेल्या रेषा म्हणजे डोलकाठ्या, याऱ्या आणि धूर ओकणारी धुराडी. बंदर कामाला लागलेले आहे.

३/
चित्रावर ‘७२’ असा आकडा आहे. प्रशियाकडून झालेला पराभव तेव्हा अगदी ताजा होता. अल्सास आणि लोरेनचा काही भाग गेला होता. पाच अब्ज फ्रँकचा युद्धदंड फ्रान्सच्या डोक्यावर होता. युद्धकाळात मोने लंडनला निघून गेला. त्याचा जिवलग मित्र, चित्रकार फ्रेदेरिक बाझीय सैन्यात दाखल झाला आणि २८ नोव्हेंबर १८७० रोजी रणांगणावर पडला. वय अवघे २८.

४/
स्वतंत्र प्रदर्शनाचा बेत बाझीयने १८६७ मध्येच घरच्यांना पत्राने कळवला होता. पैशांअभावी तो तेव्हा बारगळला. १८७४ मध्ये तो तडीस गेला, तेव्हा बेत आखणारा हयात नव्हता.

५/
सूचीसाठी नाव विचारले गेले. हे काही ल हाव्रचे दृश्य म्हणून खपणार नाही, हे ओळखून मोनेने ‘इंप्रेशन’ असे सांगितले. समीक्षक लुई लरुआ याने याच शब्दावरून यथेच्छ टवाळी केली. टवाळीचा तो शब्द पुढे संपूर्ण पंथाचे नाव झाला.

६/
अर्नेस्त ओशदे याने हे चित्र ८०० फ्रँकना घेतले. त्याचे दिवाळे निघाल्यावर १८७८ च्या लिलावात त्याला २१० फ्रँक आले, तेही ‘सूर्यास्त’ अशा चुकीच्या नोंदीखाली.

७/
चित्राची कृष्णधवल प्रत पाहिली, तर सूर्य जवळजवळ दिसेनासा होतो. त्याची उजळता भोवतीच्या आकाशाइतकीच आहे. वेगळा आहे तो केवळ रंग. हे चित्र आज पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. ते पाहताना नजर सूर्यावर खिळते, हे खरेच; पण डाव्या कोपऱ्यातला ‘७२’ हा आकडाही क्षणभर वाचावा.