दुसऱ्याच्या हाती दिलेली ओळ

ना. घ. देशपांडे यांच्या ‘शीळ’ या कवितेची ध्वनिमुद्रिका 1932 मध्ये निघाली, आणि त्याच नावाचा त्यांचा पहिला कवितासंग्रह 1954 मध्ये छापून आला. मधली बावीस वर्षं ती कविता पुस्तकाच्या आधाराशिवाय महाराष्ट्रभर फिरत होती. जी. एन. जोशी यांचा गळा, तबकडी आणि ऐकणाऱ्यांची स्मरणशक्ती, एवढंच काय ते तिचं भांडवल. मराठी भावगीताची सुरुवात या तबकडीपासून मानणारे पुष्कळ आहेत आणि संगीताच्या अंगानं ते महत्त्वाचंही आहे. मला मात्र यात आणखी एक गोष्ट दिसते. बुलढाणा जिल्ह्यातल्या सेंदुरजनला 1909 मध्ये जन्मलेल्या आणि पुढे मेहकरला वकिली करत आयुष्य काढलेल्या माणसाची कविता जगली, कारण दुसऱ्या एका माणसानं ती आपली मानून गायली. लिहिणाऱ्यानं लिहून ठेवावं आणि जगानं कधीतरी शोधून काढावं, असं इथे घडलं नाही. ती आधी कुणाच्या तरी हाती गेली, छापखान्यात नंतर. रोजच्या जगण्यात जी निर्मिती होते, मग ती शब्दांची असो की छायाचित्रांची, ती अशीच टिकते असं माझं म्हणणं आहे. प्रतिभा हवीच, सवडही हवी. पण या दोन्हींच्या आधी तिला एक जवळचं माणूस लागतं. ऐकणारं, उतरवून घेणारं, जपणारं, प्रसंगी ‘हे अजून जमलेलं नाही’ असं तोंडावर सांगणारं.

ना. घ. यांच्या लेखनाच्या तारखा एका ओळीत मांडल्या तर हे आणखी स्पष्ट होतं. 1954 मध्ये ‘शीळ’, 1963 मध्ये ‘अभिसार’, मग एकदम 1985 मध्ये ‘खूणगाठी’. पुन्हा बावीस वर्षांचं अंतर. ‘खूणगाठी’ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा कवी सत्तरी ओलांडून गेलेले होते. 1996 मध्ये आणखी संग्रह आले, त्यांतल्या एकाचं नाव ‘कंचनीचा महाल’. हा महाल म्हणजे मेहकरचीच एक पडकी जुनी वास्तू. 2000 मध्ये ते गेले. शतकाच्या सुरुवातीला जन्मलेला कवी शतक संपताना आपल्याच गावातल्या पडक्या वास्तूचं नाव पुस्तकाला देतो, यात मला मोठी गोष्ट दिसते. त्यांनी विषय शोधत गाव सोडलं नाही. अशिलं, तारखा, दावे यांच्या रगाड्यात राहूनच ते लिहीत राहिले. वीस-वीस वर्षं पुस्तक न काढता लिहीत राहणं पुरस्काराच्या आशेवर होत नाही. ते होतं अवतीभवतीच्या चार माणसांमुळे, ज्यांना नवी कविता वाचून दाखवता येते.

‘शीळ’ची तबकडी निघाली त्या काळात पुण्यात 1923 पासून रविकिरण मंडळ होतं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्रीधर आणि मनोरमा रानडे अशी मंडळी रविवारी चहाला जमत, एकमेकांना कविता वाचून दाखवत आणि काव्यगायनासाठी गावोगाव जात. या मंडळाचं कौतुक आणि टिंगल दोन्ही झाली, पण कविता ही मैत्रीत घडणारी गोष्ट आहे हे त्यांनी उघडपणे मान्य केलं, हे त्यांचं श्रेय विसरता येत नाही. पुण्यात अशी मैत्री जमायला कॉलेजं होती, मासिकं होती, छापखाने होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर, चिखली, लोणार इथे यांतलं फारसं काही नव्हतं. म्हणून इथल्या मैत्रीला जास्त काम करावं लागलं. शहरात मित्र वाचक असतो. तालुक्याच्या गावी तोच वाचक, तोच संपादक, आणि बऱ्याचदा वहीचा राखणदारही तोच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे सगळं शिकलेल्या वकिलाचं झालं. त्याला अक्षर होतं, संध्याकाळ मोकळी होती, समाजात जागा होती. दिवसभर रानात राबून परत चुलीपुढे बसणाऱ्या बाईला कुठली कविता आणि कुठली मैत्री? आक्षेप खरा वाटतो, पण पुरावा त्याच्या उलट बाजूला झुकतो. शेजारच्याच जळगाव जिल्ह्यात बहिणाबाई चौधरी होत्या. 1880 मध्ये जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या, शेतात राबणाऱ्या. त्यांनी रचलेलं मुलगा सोपानदेव आणि घरातल्या एका नातलगानं उतरवून ठेवलं म्हणून ते उरलं. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं संग्रह निघाला. त्या घरात कागदावर उतरवणारं कुणी नसतं, तर मराठीला बहिणाबाई मिळाल्याच नसत्या. अशा किती गेल्या असतील, हा विचार मनाला लागून राहतो. आणि जात्यावरच्या ओव्या तर मुळात दोघींच्या. जातं एकटीनंही ओढता येतं, पण पहाटेच्या अंधारात समोर खुंट्याला दुसरा हात असला की एकीची ओवी संपते तिथे दुसरीची सुरू होते. दुःख सांगायचं ते समोरच्या सईला, विठ्ठलाला नाहीतर माहेरच्या भावाला. कुणाला तरी उद्देशून नाही अशी ओवी शोधावीच लागते. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी या ओव्या गोळा करायला घेतल्या, तेव्हा त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. सवड नसलेल्या बायकांनी, कामाच्या वेळेतच, कामाच्या लयीवर रचलेलं हे वाङ्मय आहे. म्हणजे सवडीविना कविता होते, एवढं मान्य करायला हवं. समोरच्या माणसाविना ती झाली तरी राहत नाही.

छायाचित्राबद्दल काहींना ही गोष्ट पटणार नाही. ते म्हणतील, शब्दाला ऐकणारा लागतो हे खरं, पण फोटो यंत्र काढतं आणि काढला की तो आहेच, त्याला कुणाची गरज? बुलढाणा जिल्ह्याच्या परिसरातलाच एक जुना दाखला बघू. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीनं 1844 मध्ये अजिंठ्याची भित्तिचित्रं कॅनव्हासवर उतरवायला नेमलं. वर्षानुवर्षं खपून त्यानं ती मोठमोठी चित्रं केली. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये ती लावली होती आणि 1866 च्या आगीत बहुतेक जळाली. मधल्या काळात गिल कॅमेऱ्याकडे वळला होता. त्यानं अजिंठ्याबरोबर वऱ्हाडातल्या लोणार-मेहकरच्या जुन्या वास्तूंचीही छायाचित्रं घेतली. ती राहिली. चित्राची प्रत एकच होती, छायाचित्राच्या प्रती निरनिराळ्या हातांत गेल्या होत्या. जे अनेकांजवळ जातं ते राहतं, हा नियम तबकडीवरच्या कवितेला लागू झाला तसाच काचेवरच्या फोटोलाही. पुढे गिल आणि तिथलीच पारो यांच्या प्रेमाची हकीकत ना. धों. महानोर यांनी ‘अजिंठा’ या दीर्घ काव्यात सांगितली. महानोरांचं पळसखेडं अजिंठ्याच्या कुशीतलंच. परक्या मुलखातून आलेला छायाचित्रकार गेल्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी त्याच डोंगरातल्या शेतकरी कवीच्या शब्दांत परत येतो. दोघांची भेट कधी झालेली नाही, पण याला मैत्री म्हणायला माझी हरकत नाही.

लोणारचं उदाहरण तर अगदी अलीकडचं. 2020 च्या जूनमध्ये तिथल्या खाऱ्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं. फोटो जगभर गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासले. पातळी खाली गेली, खारेपणा वाढला आणि मिठाच्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे सूक्ष्मजीव बळावले, असा त्याचा उलगडा झाला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. गुलाबी पाण्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले, पण ते फोटो काही सांगू लागतात ते हिरव्या पाण्याच्या फोटोंशेजारी ठेवल्यावर. काठाची रेघ आधी कुठे होती, कमळजा देवीच्या देवळापर्यंत पाणी कधी येत होतं, कोणत्या उन्हाळ्यात किती पांढरा थर उघडा पडला, हे सांगायला कुणीतरी साध्या दिवशीही कॅमेरा उचललेला असावा लागतो. प्राग शहरात जोसेफ सुदेक या एका हाताच्या छायाचित्रकारानं 1940 ते 1954 या काळात आपल्या स्टुडिओची एकच खिडकी पुन्हा पुन्हा टिपली. दवानं भरलेली, बर्फानं गोठलेली, बाहेरच्या वाकड्या झाडासकट. जगाच्या फोटोकलेत त्या खिडकीला आज मान आहे. लोणारच्या काठावर राहणाऱ्याला तर खिडकीपेक्षा कितीतरी मोठं दृश्य मिळालेलं आहे, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं. ते रोज टिपणारा माणूस त्या दिवशी कलावंत ठरेलच असं नाही. पण त्याच्या फोटोंवर तारीख असेल आणि ते दुसऱ्या कुणाकडे जपलेले असतील, तर वीस वर्षांनी त्यांच्याइतकं मोलाचं दुसरं काही या सरोवराबद्दल कुणाकडे नसेल.

सगळ्यात जड आक्षेप यानंतरचा आहे. हा जिल्हा कापूस आणि सोयाबीनच्या भावावर जगतो. 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी शेतकरी आत्महत्यांमुळे मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. अशा ठिकाणी कविता, फोटो आणि मैत्रीच्या गप्पा म्हणजे पोट भरलेल्यांचे चोचले नव्हेत का? या प्रश्नाला सावकाश उत्तर द्यायला हवं, कारण तो विचारणाऱ्याचा संताप रास्त आहे. अमडापूरचे सदानंद देशमुख याच जिल्ह्यात राहून लिहीत आले. त्यांची ‘बारोमास’ ही कादंबरी 2002 मध्ये आली आणि 2004 मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकलेला, नोकरी नसलेला आणि शेतीतही न भागणारा मुलगा, त्याचं कर्जात बुडणारं घर, घरातल्या घरात होणारी चिडचिड, हे सगळं त्या कादंबरीत आहे. सरकारी योजना चार वर्षांनी आली. रोज त्याच गावात वावरणाऱ्या, त्याच लोकांशी बोलणाऱ्या लेखकाला जे दिसत होतं ते फायलींना दिसायला वेळ लागला. तेव्हा शब्दाचा छंद हा शेतकऱ्याच्या दुःखापासून पळण्याचा मार्ग आहे, हे म्हणणं निदान या जिल्ह्यापुरतं तरी टिकत नाही. कादंबरीनं कुणाचं कर्ज फिटत नाही, हे मान्य. पण जे घर एकटं पडलं आहे त्याला आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळते, आणि एकटेपण थोडं तरी कमी होणं ही लहान गोष्ट नाही. मन मोकळं करायला माणूस नसणं किती महागात पडतं, हे या भागाला वेगळं सांगायला नको.

आता मोबाइलनं हे सगळं सोपं केलं आहे. कविता लिहिली की क्षणात शंभर जणांकडे जाते, फोटोला तर रीळही लागत नाही. या सोपेपणाला नावं ठेवणं मला पटत नाही. ज्यांच्या पिढ्यांना वही मिळाली नाही त्यांच्या हातात आज कॅमेराही आहे आणि छापखानाही, हा मोठा बदल आहे आणि तो चांगला आहे. अडचण दुसरीकडे आहे. शंभर जणांकडे गेलेली कविता एकाच्याही ताब्यात राहत नाही. ‘छान’ म्हणणारे मिळतात, ‘तिसरी ओळ काढ’ म्हणणारा मिळत नाही. फोन बिघडला की दहा वर्षांचे फोटो जातात, आणि जे राहतात त्यांच्यावर ना गावाचं नाव असतं ना माणसांची नावं. गावोगावच्या कविसंमेलनांतली वाहवाही काही वेळा अशीच पोकळ होते. लहान गावात एकमेकांना दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांनी सगळ्यांना मोठं म्हणायचं, ही रीत मैत्रीची नाही आणि तिच्यामुळे बरे कवीही वाढायचे थांबले आहेत. मैत्रीचं काम त्याहून अवघड असतं. एकाचीच कविता चारदा ऐकायची, चौथ्यांदाही खोट दिसली तर सांगायची, आणि ती सुधारून आली की आपल्या हातानं उतरवून ठेवायची.

म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या, आणि जिल्ह्याबाहेरच्याही, वाचकांकडे माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, आळीत, शाळेत लिहिणारं कुणी असेल, आजीला ओव्या येत असतील, शेजारचा पोरगा लोणारच्या काठावर फोटो काढत असेल, तर नुसतं कौतुक करून थांबू नका. ओवी तिच्याकडून म्हणवून घ्या आणि लिहून ठेवा. कवितेची प्रत मागून घ्या. फोटो कागदावर काढून घ्या आणि त्याच्या पाठीमागे गाव, तारीख आणि माणसांची नावं शाईनं लिहा.