न घेतलेला चहा

2003 सालचा मृग. सांगली जिल्ह्यातल्या एका गावी हळदीचा प्लॉट पाहायला गेलो होतो. बांधाला लागूनच आक्कांचे घर. आक्का माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या. त्यांचे मालक ट्रकवर होते. ते आदल्या वर्षी वारले, आणि कशाने वारले ते साऱ्या गावाला कळले होते. पाठोपाठ आक्कांचे रक्त तपासले, तर त्यातही एचआयव्ही निघाला.

त्यांनी चुलीवर चहा ठेवला. मी म्हटले, "आत्ताच घेऊन आलोय."

खोटे होते. सकाळपासून पोटात काही नव्हते.

मी बी.एस्सी. ॲग्री झालेला माणूस. पपईवरचा विषाणू मावा पसरवतो, हे शेतकऱ्यांना समजावून सांगणारा. माणसातला हा विषाणू कपबशीने किंवा एका पंगतीत जेवल्याने पसरत नाही, हेही मी वाचले होते. तरी हात पुढे झाला नाही. आक्कांनी पातेले खाली उतरवले. बोलल्या काहीच नाहीत.

त्याच सुमारास दिराने वारसनोंदीला हरकत घेतली. "आज ना उद्या जाणारी बाई, तिचं नाव सातबाऱ्याला कशाला?" असे तो चावडीत उघड बोलला. आक्कांनी तलाठी, मंडल अधिकारी असे हेलपाटे घातले आणि वीस गुंठ्यांना आपले नाव लावून घेतले. यात माझी मदत काडीचीही नव्हती.

एप्रिल 2004 पासून काही सरकारी रुग्णालयांत या आजारावरच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या. तेव्हा रक्तातल्या पेशी दोनशेच्या खाली आल्यावरच त्या सुरू करीत. आक्कांच्या 2005 साली सुरू झाल्या. सकाळ-संध्याकाळ गोळी, पायांना सारख्या मुंग्या, आणि दर महिन्याला एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी खेप. हळद शिजवायच्या दिवसांत अंगणात परगावच्या बाया कामाला असत. कायलीखाली जाळ चालू असायचा, तरी वेळ झाली की आक्का हात धुऊन आत जात. बायांना सांगून ठेवले होते, "बीपीची गोळी हाय."

आता रात्री एकच गोळी असते. वर्षातून एकदा रक्त तपासतात आणि त्यात मोजण्याइतका विषाणू सापडत नाही. म्हणून गोळी थांबवायची मात्र नाही. थांबवली की तो पुन्हा डोके वर काढतो.

आक्का आज साठीच्या घरात आहेत. मरणाची तयारी सगळ्यांनीच केली होती, त्यांच्या म्हातारपणाची कुणीच केली नव्हती. पाळी गेल्यावर बायकांची हाडे तशीही ठिसूळ होतात. हा विषाणू आणि काही औषधे त्यात भर घालतात. मागच्या वर्षी बांधावरून घसरून मनगट मोडले. भरणीला आता वाकवत नाही. दवाखान्यात समजावून सांगणाऱ्या पोरी चांगल्या आहेत, पण त्यांचे बोलणे लग्नाचे आणि बाळंतपणाचे. "माज्या गुडघ्याचं कोण इचारतंय?" असे आक्का हसत म्हणतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. उद्या अंथरूण धरले तर गोळ्या आणायला कोण जाणार, हा प्रश्न त्यांनी मला दोनदा विचारला आहे. दुसऱ्या वेळी मी माझा फोन नंबर त्यांच्या कार्डाच्या मागे लिहून दिला.

परवा गेलो तेव्हा त्या बेण्याचे गड्डे निवडत बसल्या होत्या. पदर खांद्यावर आला होता. माझी नजर पांढऱ्या केसांकडे गेलेली पाहून म्हणाल्या, "केसं पिकली बघा सायेब. पिकतील असं वाटलं न्हवतं."

मग उठल्या, गॅस पेटवला आणि दर खेपेला विचारतात तेच विचारले, "च्या ठेवू का घेऊन आलायसा?"

"ठेवा," मी म्हटले.