पितळी पट्ट्या

पंच धरून हातोडी घातली की हल्ली माझा 8 दोनदा उठतो. हात कापतो. म्हणून या टाटा-मर्सिडीज ट्रकच्या सुट्या मालाला बांधायच्या पट्ट्या पोरगा ठोकतोय, मी नुसता सांगतो. त्याचे आकडे माझ्यापेक्षा सरळ येतात, हे मला आवडलेलं नाही.

पट्टी पितळेचीच. रॉकेलात मार्कर धुऊन जातो, आणि कॉस्टिकच्या टाकीत अॅल्युमिनियम फसफसून विरघळतं, हाताला नुसती तार येते. हे कोणत्याही मिस्त्रीला माहीत आहे. पट्टीवर लिहायचं काय, इथे माझं घोडं इतकी वर्षं अडलंय.

उतरवलेल्या मालाचं सोपं: डायवर साइड, पुढचा, वरून दुसरा. मेन बेअरिंगच्या टोप्यांवर तर कारखान्याचेच नंबर असतात. गोची होते ती बदली मालाची. क्रँक अर्धा मिलिमीटर घासून आणला, बेअरिंग तेवढंच अंडरसाइझ घेतलं, तर '0.50' ठोकलं की भागतं. खोकं उंदरांनी खाल्लं तरी चालेल. पण शॅकलची पिन मी लेथवर उतरवली, तिला नवी म्हणू? कुर्ल्याच्या भंगारातून आणलेला हब दुसऱ्या ट्रकचा, मापाने तंतोतंत हाच. तो जुना की ओरिजिनल?

टेल्को आणि डायम्लर-बेंझचा करार 1954 ते 1969. नंतर मर्सिडीजची चांदणी गेली, टाटाचा 'टी' आला. पुष्कळ माल तोच राहिला, शिक्का तेवढा फिरला. आमच्या मालकाला मात्र सगळीकडे चांदणी हवी. मी हबच्या पट्टीवर मुद्दाम 'टी' ठोकायला लावतो, बिलाच्या वेळी तोंड वाजवायला नको.

हल्लीच्या विंटेजवाल्यांना पट्टी लागतच नाही. पॉवर स्टिअरिंग घाला, दुसरंच इंजिन बसवा, वर चकचकीत रंग मारा आणि हार घालून मिरवा. 2021 च्या विंटेज नियमांत तर दुचाकी आणि प्रवासी चारचाकी एवढ्याच. ट्रकला जागाच नाही. पन्नास वर्षं ओझं वाहिलं कुणी आणि मान कुणाला!

परवा पोरगा म्हणाला, "उस्ताद, फिटिंग करताना पट्ट्या तर काढून टाकणार. मग पुढच्याला कसं कळायचं? मालावरच ठोकू का? हबवर 'कुर्ला', पिनेवर 'घरची', आणि साल."

बरोबर बोलला. पिनेच्या डोक्यावर जागाही आहे, ग्रीस निपलच्या शेजारी. पण ती पिन मी अशी उतरवलीय, तिच्यावर अशी पॉलिश आणलीय, की उद्या कुणी मिस्त्रीने काढून उजेडात धरली तर कंपनीचीच म्हणेल. त्याने तसंच म्हणावं, ही हाव काही सुटत नाही. हात कापायला लागल्यापासून तर जास्तच.

हबवर ठोक म्हटलं. पिन माझ्याकडे दे.