हिरवळीची विश्रांती

मराठीतील ‘हिरवळ’ हा शब्द मोठा उदार आहे. त्यात कुंपण नाही, कातरी नाही आणि ‘आत येऊ नये’ अशी पाटीही नाही. पहिल्या पावसानंतर माळावर, बांधावर, पडक्या वाड्याच्या भिंतीवर जे काही हिरवे दिसू लागते, ती आपली हिरवळ. साहेबाने आणलेली ‘लॉन’ ही वस्तू निराळी. ती आपोआप होत नाही, ती राखावी लागते. आणि राखायची म्हटले की कोणापासून राखायची, हा प्रश्न तिच्यामागोमाग येतोच.

या प्रश्नाकडे माझे लक्ष वेधण्याचे श्रेय कॅनडातील माझ्या भाच्यास आहे. लालबागच्या चाळीत वाढलेला हा मुलगा. गॅलरीतील डब्यात लावलेली तुळस, एवढाच त्याचा बागकामाशी संबंध. आता तो कॅल्गरी शहरी राहतो आणि दूरध्वनीवर प्रकृतीची चौकशी आटोपली की घरापुढच्या हिरवळीचा अहवाल देऊ लागतो. रॉकी पर्वताच्या पूर्वेस, समुद्रसपाटीपासून हजार मीटरांहून अधिक उंचीवर वसलेले ते शहर. पाऊस आणि बर्फ मिळून तेथे वर्षाकाठी सव्वाचारशे मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते; आपल्याकडे जुलैचा एखादा जोरदार पंधरवडा तेवढे सहज देऊन जातो. हिवाळ्यात पारा कधी कधी शून्याखाली तीस अंशांवर उतरतो. मध्येच पश्चिमेकडून ‘शिनूक’ नावाचा उबदार, कोरडा वारा सुटतो आणि जमिनीवरचे बर्फाचे पांघरूण ओढून नेतो. अशा ठिकाणी गवत जगवणे हे व्रतच म्हटले पाहिजे.

त्या व्रताचे नियमही ऐकण्यासारखे आहेत. गवत तीन इंचांच्या खाली कापू नये. उंच पात्यांची सावली जमिनीतला ओलावा राखते आणि पाते उंच असले की मूळही खोल जाते. पाणी रोज शिंपडू नये. आठवड्यातून एकदोनदा, पण पुरते मुरेल असे द्यावे. वरवरचे पाणी रोज मिळू लागले, की मुळे खाली जाण्याची तसदी घेत नाहीत. बी पेरावे ते ऑगस्टच्या अखेरीस, उन्हाचा ताप उतरल्यावर आणि गोठवणारी थंडी येण्यापूर्वी. माती घट्ट झाली असेल तर पोकळ दात्यांच्या यंत्राने तिला भोके पाडून मुळांना हवा द्यावी. तीस वर्षे वर्गात उभा राहिलेल्या माणसाला यातला पाण्याविषयीचा नियम तरी कोणी समजावून सांगावयास नको!

परंतु या साऱ्या नियमांहून मोठा उपकार त्या हिरवळीवर निसर्गच करतो. वर्षातील चारपाच महिने तेथे तिला सक्तीची रजा मिळते. गवत गोठून निपचित पडते, त्यावर बर्फ येतो आणि पाऊल टाकण्याचे कोणाला कारणच उरत नाही. 2024 च्या जूनमध्ये त्या शहराची एक मुख्य जलवाहिनी फुटली आणि घराबाहेर पाणी घालण्यास बंदी झाली. भाच्याची हिरवळ फिकी पडली, पण मेली नाही. खोल गेलेली मुळे असा दुष्काळ निभावून नेतात.

आता आपल्याकडे पाहा. मुंबईस वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि हिमाचे तर नाव नको. शिवाय आपली हरळी म्हणजे गवतांतील मोठी चिवट जात. तिच्या पेऱ्यापेऱ्यांतून मुळे फुटतात. त्या फुटण्याचा उल्लेख यजुर्वेदातही आला आहे. गणपतीला वाहतो ती दूर्वा हीच. आणि शेतातून उपटता उपटता देशावरचा शेतकरी जिला शिव्या घालतो, तीही हीच. मग दादरच्या शिवाजी पार्कवर धूळ का? 1925 साली खुले झालेले, 1927 साली अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने शिवछत्रपतींचे नाव मिळालेले, सुमारे 28 एकरांचे हे मैदान सप्टेंबरात हिरवेगार असते आणि डिसेंबरात त्यावरची तांबडी माती भोवतालच्या घरांच्या खिडक्यांतून आत येते. गृहिणी दिवसातून दोनदा फडके मारतात, म्हातारी माणसे खोकतात. पाणी शिंपडले की तासभर धूळ बसते आणि वाळली की पुन्हा उठते.

याचे कारण हवामान नव्हे, कारण पावले. पाऊस सरताच क्रिकेटच्या जाळ्या लागतात, दसऱ्याला सभा भरते, 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे लक्षावधी लोक या मैदानाचा आसरा घेतात. तुडवलेल्या मातीतील बारीक छिद्रे मिटतात, मुळांचा श्वास कोंडतो आणि गवत जाते. यावर ‘मग माणसांनाच येऊ देऊ नका’ असे सुचवणारे सद्गृहस्थ मला भेटतात. त्यांना मी शंभर वर्षांहून जुनी एक गोष्ट सांगतो.

1880 नंतरच्या त्या काळात एस्प्लनेडच्या मैदानावर पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत. तेथेच गोरे अधिकारी पोलो खेळू लागले आणि घोड्यांच्या टापांनी खेळाच्या जागेची चाळण झाली. 1881 साली खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केला. युरोपियनांच्या जिमखान्याची हिरवळ मात्र घोड्यांपासून नीट राखलेली होती. शापूरजी सोराबजी यांनी 1897 साली या झगड्याची हकीकत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. गवत एकाच जातीचे, पाऊस एकच. पण एकीकडची हिरवळ जपायची आणि दुसरीकडची तुडवायची, हे ठरवणारा हात वेगळा होता. हिरवळीचे निमित्त करून माणसांना दूर ठेवण्याची ही रीत आपण पुन्हा चालू करावी काय? वर्षातून एकदा बाबासाहेबांना वंदन करण्यासाठी कोसोगणती दूरवरून आलेल्या माणसाच्या पावलांपुढे गवताची किंमत ती काय!

तथापि धूळ खाणारी माणसेही माणसेच. तेव्हा उपाय हवा तो दोघांनाही न्याय देणारा, आणि तो आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तो जमीन पड टाकतो. सारी नव्हे, एक तुकडा, आणि पुढल्या वर्षी दुसरा. मैदानाचे चार भाग करावेत. पावसाळा संपताना एका भागाला साधी दोरी बांधावी, तेथली माती मोकळी करावी, हरळीचे तुकडे पुरावेत, पाणी बेताने पण खोल द्यावे आणि काही महिने तेथे कोणीही जाऊ नये. खेळाडूने नाही, पुढाऱ्याने नाही आणि फेरफटका मारणाऱ्या प्राध्यापकानेही नाही. उरलेले तीन भाग सर्वांसाठी मोकळे. पुढल्या वर्षी दोरी पुढे सरकावी.

कुंपण आणि दोरी यांतला भेद एवढाच, की कुंपण जागचे हालत नाही. ते माणसामाणसांत निवड करते. फिरती दोरी सर्वांना सारखीच अडवते आणि सर्वांना सारखीच मोकळीक देते. भाच्याच्या देशात हे काम बर्फ करतो. तो कोणाची पदवी विचारत नाही की पक्ष विचारत नाही. आपल्याला बर्फाचा आधार नाही. थांबायचे ते आपले आपणच ठरवून थांबायला हवे, आणि दीड कोटीच्या आसपास वस्तीच्या, क्षणाचीही उसंत नसलेल्या या नगरीस पाणी मिळवण्यापेक्षा हेच अधिक अवघड जाणार आहे.