प्रकृतीचे दप्तर

पुण्यातल्या कोथरूडची सकाळ पूर्वी दूधवाल्याच्या आणि वर्तमानपत्रे टाकणाऱ्या पोराच्या पावलांनी उजाडत असे. आता त्या दोघांच्या जोडीला तिसराही एक इसम जिना चढू लागला आहे, आणि ज्या घरांत सत्तरीच्या पलीकडची माणसे आहेत त्या घरांत तर पहिल्या दोघांपेक्षा त्याचीच वाट अधिक आतुरतेने पाहिली जाते. खांद्याला बर्फाची लहानशी पेटी अडकवलेला हा मुलगा प्रयोगशाळेकडून रक्त न्यायला आलेला असतो. आदल्या रात्री आठालाच जेवण उरकून, पहाटे जाग आल्यावरही घोटभर पाण्यावरच राहिलेले यजमान दाराची कडी आधीच काढून बसलेले असतात, कारण ते रक्त एकदा देहाबाहेर पडल्यावाचून घरात चहाचे आधण चढत नाही. "आजोबा, मूठ घट्ट आवळा," असे म्हणत तो दंडावर रबरी पट्टा बांधतो, कोपराच्या खळगीत दोन बोटांनी शीर चाचपतो, ती हाताला लागली की सुई अलगद आत घालतो, आणि एक जांभळ्या बुचाची व एक करड्या बुचाची अशा दोन नळ्या भरून त्यांवर नाव, वय आणि वेळ टिपून घेतो. "नाश्त्याचा पहिला घास किती वाजता घेतला ते लक्षात ठेवा हं, तिथून दोन तासांनी मी परत येतो," एवढे बजावून तो पुढच्या जिन्याकडे वळतो. म्हाताऱ्या हातांवर शिरा वर उठून दिसतात खऱ्या, पण सुई लागताच त्या बाजूला सरकतात. अशा हातातून पहिल्याच खेपेला, फारसे दुखू न देता रक्त काढणारे त्या पोराचे कसब मला मोठ्या विद्येइतकेच आदरणीय वाटत आले आहे.

त्यातली जांभळ्या बुचाची नळी विशेष महत्त्वाची. रक्तातली साखर तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत राहते, आणि त्या पेशीचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे असल्यामुळे, तिच्यावर किती साखर जमली आहे हे मोजले की गेल्या दोन-तीन महिन्यांतली आपली वागणूक कागदावर रुजू होते. तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळून उरलेल्या दिवसांची भरपाई करता येईल, ही आशा ह्या परीक्षेने कायमची संपवली. मात्र एखाद्या दिवशी लग्नाच्या पंगतीत जिलबी खाल्ली म्हणून भेदरून जाण्याचे कारणही तिने उरू दिले नाही. वार्धक्यातील प्रकृतीचा विचार असा दीर्घ मुदतीवरच व्हावयास हवा. एका सकाळचा रक्तदाब, एका रात्रीची निद्रानाशाची तक्रार, एका संध्याकाळची चक्कर यांवरून निकाल देण्याची घाई रोग्यानेही करू नये आणि वैद्यानेही.

कोथरूडचे वार्धक्य हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर नदीकाठच्या पेठांतून, आणि पुढे वाडे मोडकळीस येऊ लागले तसतशी इतर पेठांतूनही, मध्यम उत्पन्नाची कुटुंबे ह्या बाजूला सरकली. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी ह्या भागांत सहकारी गृहरचना संस्थांच्या तीनमजली-चारमजली इमारती उभ्या राहिल्या, आणि वारा-उजेड चांगला म्हणून लोकांनी हौसेने वरचे मजले मागून घेतले. त्या इमारतींना लिफ्ट नव्हती आणि ती असावी असे कोणाच्या मनातही आले नाही, कारण घेणाऱ्यांच्या गुडघ्यांत तेव्हा जोर होता. ती माणसे आता त्याच मजल्यांवर म्हातारी झाली आहेत. मुले परगावी किंवा परदेशी. भाजी दोरीने बांधलेल्या पिशवीतून वर येते, औषधे दुकानाचा मुलगा आणून देतो, पण डॉक्टरांकडे जाण्यासाठी मात्र देहालाच खाली उतरावे लागते, आणि परत आल्यावर तोच देह प्रत्येक वळणावर श्वास घेत वर न्यावा लागतो. पुनर्विकासाची बोलणी निघाली की लिफ्टची आशा पालवते. पण त्यासाठी दोन-तीन वर्षे दुसरीकडे बिऱ्हाड करावयाचे, म्हणजे ओळखीचे औषधाचे दुकान, ओळखीचा रिक्षावाला आणि ओळखीचा दवाखाना ही सगळीच आधारस्थाने एकदम सोडावयाची, हा विचार ऐंशीच्या घरातल्या माणसाला जिन्याहूनही जड वाटतो.

त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट अशी की 6 मार्च 2022 रोजी वनाझपासून गरवारे कॉलेजपर्यंत मेट्रो धावू लागली आणि 1 ऑगस्ट 2023 पासून तीच वाट थेट रूबी हॉल क्लिनिकपर्यंत पोहोचली. तिच्या स्थानकांना उद्वाहक आहेत, डब्यात चढताना पायरी नाही, आणि हातात रुग्णालयाची पिवळी पाकिटे घेतलेली वृद्ध जोडपी दुपारच्या निवांत वेळी तिच्यातून जाताना पाहिली की लोकोपयोगी कामावर खर्च झालेला पैसा कुठे सार्थकी लागतो ते डोळ्यांना दिसते. मात्र सुतार दवाखान्याच्या थांब्यावर बसची वाट पाहणाऱ्या माणसाला स्थानकापर्यंतची वाट पदपथांवरून सुखरूप चालता येत नाही, तोवर ती सोय अपुरीच म्हटली पाहिजे.

तपासणीच्या दिवशी आमच्या घरात जी तयारी चालते ती पूर्वी प्रवासाला निघताना चालत असे. "अहो, फाइल घेतलीत का? मागच्या वेळचा रिपोर्ट वर ठेवा, डॉक्टर आधी तोच मागतात," असे सौभाग्यवती सांगतात, आणि मी माझी सरकारी नोकरीतली सवय स्मरून तारीखवार लावलेले कागद पुन्हा एकदा चाळतो. सारी हयात दुसऱ्यांची दप्तरे सांभाळण्यात गेली. आता स्वतःच्या प्रकृतीचे दप्तर सांभाळावयाचे आहे, आणि हे काम अधिक निगुतीने केले पाहिजे असे मला वाटते. दवाखान्यात वजन घेतात, दाब मोजतात, आणि मग हटकून विचारतात, "काका, सोबत कोण आलंय?" जोडीदार असलेल्यांना ह्या प्रश्नाचे उत्तर सोपे असते. ज्यांना ते राहिले नाही त्यांच्या मुद्रेवर त्या प्रश्नासरशी उमटणारी किंचित ओशाळगत मी बाकावर बसल्या-बसल्या पाहिली आहे, आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याबरोबर दवाखान्यात जाणे ही वसाहतीतली सर्वांत निकडीची समाजसेवा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

नेत्रचिकित्सकाकडे ह्याची प्रचीती विशेष येते. बाहुली मोठी करण्याचे थेंब डोळ्यांत पडले की डोळे मिटून, मान मागे टेकून बसावयाचे. मधूनमधून परिचारिका येऊन, पापणी उचलून पुन्हा थेंब घालून जाते. त्या अर्ध्या-पाऊण तासात रांगेने बसलेली, डोळे मिटलेली दहा-बारा माणसे एकमेकांना न पाहता एकमेकांशी बोलत असतात, आणि उजेडात जी गोष्ट कोणी काढली नसती ती तिथे सहज निघते. मुलाचे पत्र नव्हे, पण फोन आता रविवारीच येतो. बायको गेल्यापासून गोळ्यांची वेळ चुकते. रात्री न्हाणीघरात जाण्याची भीती वाटते. तपासणी संपल्यावर बाहेर आले की कर्वे रस्त्यावरचे ऊन डोळ्यांना सोसत नाही, अक्षर लागत नाही, रिक्षाचा आकडा दिसत नाही. अशा वेळी कोपराला धरणारा हात हाच खरा औषधोपचार होय.

ज्यांच्या नावाच्या रस्त्याने आम्ही दवाखान्यांच्या वाऱ्या करतो त्या महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे स्मरण ह्या संदर्भात मला वारंवार होते. 18 एप्रिल 1858 ला जन्मलेले आणि 9 नोव्हेंबर 1962 ला निवर्तलेले अण्णा एकशे चार वर्षे जगले; हिंगण्याच्या माळावरून फर्ग्युसन महाविद्यालयापर्यंत गणित शिकवावयास ते चिखलातून पायी येत-जात. ते सदतीस वर्षांचे असताना, 1895 मध्ये, राँटगेनने क्ष-किरण शोधले. 1921 मध्ये इन्शुलिन सापडले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. आणि पेनिसिलिनचा शोध लागला तो त्यांच्या सत्तराव्या वर्षी. त्यांच्या पिढीत दीर्घायुष्य हे विरळा भाग्य होते. आमच्या पिढीला ते ह्याच शोधांनी वाटून दिले आहे, आणि म्हणून मी ह्या गोळ्यांची, सुयांची, रांगांची निंदा कधी करीत नाही. माझ्या वडिलांच्या पिढीत जो मधुमेह माणसाचा पाय किंवा दृष्टी नेत असे तो आज तीन महिन्यांनी एकदा रक्त देऊन ताब्यात ठेवता येतो, ही कृतज्ञतेचीच गोष्ट आहे.

पण ह्या विद्येच्या विस्तारातच एक उणीव निर्माण झाली आहे. हृदयाला एक तज्ज्ञ, गुडघ्यांना दुसरा, डोळ्यांना तिसरा, मूत्रमार्गाला चौथा अशी देहाची वाटणी झाली. प्रत्येकजण आपल्या महालाचा कारभार उत्तम पाहतो, पण सगळ्या मुलुखाचा जमाखर्च एकत्र मांडणारा कारभारी मात्र उरला नाही. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांची हकीकत सांगतो. गुडघे दुखतात म्हणून ते वेदनाशामक गोळी रोज घेऊ लागले. तसल्या गोळ्यांनी अंगात क्षार आणि पाणी साठते, मूत्रपिंडावर ताण पडतो आणि रक्तदाब चढतो. तसा तो चढला. दुसऱ्या डॉक्टरांनी दाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन दिले. त्या औषधाने कित्येकांच्या घोट्यांवर सूज येते; तशी ती ह्यांनाही आली. सूज पाहून तिसरीकडे लघवी वाढवणारी गोळी मिळाली, आणि ती संध्याकाळी घेण्याचा परिपाठ पडल्यामुळे रात्री चार-चार वेळा उठणे सुरू झाले. अशाच एका उठण्यात ओल्या फरशीवर पाय घसरला आणि मनगटाचे हाड मोडले. ह्यात कोणाचाही अपराध म्हणता येत नाही. प्रत्येकाने समोर दिसलेल्या लक्षणावर शास्त्रशुद्धच इलाज केला होता. फक्त पहिल्या गोळीपासून शेवटच्या पडण्यापर्यंतची साखळी कोणाच्याही नजरेसमोर सलग आली नव्हती.

ती आली एका जुन्या फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर. त्यांनी त्या गृहस्थांना घरातली सगळी औषधे, चालू आणि बंद, पिशवीत घालून आणावयास सांगितली. ती टेबलावर ओतली, प्रत्येक पाकिटाची पाठ उलटून आतल्या औषधाचे मूळ नाव वाचले, आणि दोन निराळ्या कंपन्यांच्या नावाखाली एकच गोळी दोनदा पोटात जात असल्याचेही तेव्हाच उघडकीस आले. मग त्यांनी तज्ज्ञांना चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांच्या संमतीने वेदनाशामक बंद केले, दाबाचे औषध बदलले, लघवीच्या गोळीची गरज उरली नाही, आणि गुडघ्यांसाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम नेमून दिला. हे सगळे करावयास त्यांना यंत्र लागले नाही. तासभर वेळ लागला, आणि त्या माणसाची तीस वर्षांची ओळख लागली. असे डॉक्टर कोथरूडच्या गल्ल्यांतून अजून बसतात, पण त्यांच्या पाट्या कमी होत चालल्या आहेत आणि त्यांच्या जागी येणारे तरुण सहसा एकाच इंद्रियाची विद्या घेऊन येतात. माझ्या लेखी ही ह्या उपनगराची सर्वांत मोठी हानी आहे.

शासनाने 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान भारत योजनेची सवलत, उत्पन्नाची अट न घालता, सत्तर वर्षे व त्यावरील वयाच्या सर्वांना खुली केली; कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचा रुग्णालयातला उपचार तिच्यात येतो. योजना चांगली आहे. पण ती खाटेवर पडलेल्या माणसासाठी आहे, आणि म्हातारपणाचा खरा खर्च खाटेवर न पडण्यासाठी करावा लागतो: महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांच्या तपासण्या, चष्मा, श्रवणयंत्र, रिक्षा. त्या खर्चाची तजवीज अजून ज्याची त्यालाच करावी लागते, आणि कुटुंबनिवृत्तिवेतनावर एकट्या राहणाऱ्या बाईला ती किती कठीण जाते हे औषधाच्या दुकानात, "सध्या निम्म्याच द्या," असे हलक्या आवाजात सांगणाऱ्या काकूंना ज्यांनी ऐकले आहे त्यांना निराळे सांगावयास नको.

म्हणून माझ्या समवयस्क वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. एक कोरा कागद घ्या आणि त्यावर आपण घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे मूळ नाव, मात्रा, वेळ, ते कोणी आणि कशासाठी दिले, हे सुवाच्य अक्षरात लिहा. वैद्यांचे काढे, चूर्णे आणि शेजाऱ्याने सुचवलेल्या कॅल्शियमच्या गोळ्याही वगळू नका, कारण थायरॉईडच्या गोळीपासून कॅल्शियम चार तास दूर ठेवावे लागते ही साधी गोष्ट सांगावयाची कित्येकदा राहून जाते. कोणत्या औषधाचे वावडे आहे ते वर ठळक लिहा. ह्या कागदाची एक प्रत पाकिटात ठेवा, एक शेजाऱ्याकडे द्या, एक परगावच्या मुलाला पाठवा, आणि जिथे जाल तिथे डॉक्टरांनी नवी गोळी लिहिण्यापूर्वी तो त्यांच्यासमोर ठेवा. वर्षातून एकदा तरी आपल्या विश्वासाच्या एकाच डॉक्टरांकडे औषधांची सगळी पिशवी घेऊन जा आणि ह्यांतले काय कमी करता येईल ते विचारा. मात्र स्वतःच्या मनाने एकही गोळी सोडू नका. आणि त्या दिवशी शेजारच्या जिन्यावर कोणी एकटे राहत असेल, तर त्यांनाही बरोबर न्या.