कवड्यांच्या बेटावर

मालदीव म्हणजे हिंदी महासागरात विखुरलेली सुमारे १,२०० प्रवाळबेटे. १९७२ साली तेथे पहिले रिसॉर्ट सुरू झाले आणि ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत पुढे रूढ झाली. अशाच एका बेटावर, राजधानी मालेहून वेगवान बोटीने, एक प्रौढ दाम्पत्य एका दिवसापुरते गेले. पतींनी चाळीस वर्षे धान्याची पेढी सांभाळलेली; पत्नीने तेवढीच वर्षे दुपारचे ताट झाकून त्यांची वाट पाहिलेली.

पत्नी निळ्या पाण्याकडे पाहत राहिली. पतींनी मात्र मनातल्या मनात वही उघडली. पिण्याचे पाणी समुद्राच्या पाण्यातून क्षार काढून मिळते. मासळी वगळता बहुतेक अन्न बाहेरून येते. मग वाहतूक किती पडत असेल? साठा किती दिवसांचा? कंदमुळांविना रांधलेले वरण-भात पुढे आले, तरी त्यांचे लक्ष तांदळाच्या जातीकडेच.

वाटाड्याने सांगितले, की या बेटांवरच्या कवड्या शतकानुशतके बंगालमध्ये चलन म्हणून चालल्या. चौदाव्या शतकात येथे राहून गेलेल्या इब्न बतूताने कवड्यांच्या बदल्यात बंगालहून तांदूळ येत असल्याचे नोंदवले आहे.

“कवडीमोल म्हणतो आपण, आणि तिच्यावर एवढा व्यापार!” पती उद्गारले.

तेवढ्यात वाळूतला एक शंख चालू लागला. आत खेकडा होता. तो वाढला की मोठ्या शंखात जातो आणि रिकामा शंख लहान खेकड्याच्या कामी येतो, असे वाटाड्याने सांगितले.

पत्नी हळूच म्हणाली, “अहो, दोन वर्षांपूर्वी मुलाला गादीवर बसवलंत, तिजोरीची किल्ली मात्र अजून तुमच्याच कमरेला. तुम्ही शंख सोडलाच नाहीत, तर त्यानं राहायचं कुठं?”

पती काही बोलले नाहीत.

विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. सूर्यास्तापूर्वीचे भोजन आटोपून दोघे धक्क्यावर आले, तोच मुलाचा फोन आला. तुरीचा सौदा अडला होता.

“भाव तूच ठरव,” पती म्हणाले. “मला उद्या सांगितलंस तरी चालेल.”

“उद्या तरी सांगायला हवंच का?” पत्नीने विचारले.

त्यांनी उत्तर दिले नाही. फोन मात्र बंद करून तिच्या हाती दिला.