जहाजावरच्या हाज्यांची थट्टामस्करी

कारेगावात समुद्राच्या गोष्टी ऐकायला मिळतात असं सांगितलं, तर बाहेरचा माणूस हसेल. पुणे-नगर रस्त्यावरचं आमचं गाव. शेजारी रांजणगावची एमआयडीसी, सकाळ-संध्याकाळ कंपन्यांच्या बसगाड्या, भाड्याच्या खोल्यांच्या रांगा. पाणी म्हणाल तर शिरूरची घोडनदी. समुद्र गाठायचा तर दोनशेच्या आसपास किलोमीटर. पण गावात कुणी हजला किंवा उमऱ्याला निघालं की त्याच्या घरी जेवण होतं, ईशाची नमाज उरकून मंडळी अंगणात बसतात आणि तिथे तिघांची जुगलबंदी सुरू होते. रात्रपाळीला जाणारी पोरंसुद्धा बस येईपर्यंत ती ऐकत थांबतात.

पहिले आमचे हाजीसाहेब. 1984 साली आईला घेऊन ते ‘अकबर’ जहाजानं हजला गेले. दुसऱ्या माझ्या खालाजान. त्या त्याआधी काही वर्षं, लग्न नवं असताना, नवरा आणि सासू यांच्यासोबत ‘नूरजहां’ जहाजानं गेल्या. तिसरे दापोलीकडचे एक चाचा. उभा जन्म खलाशी म्हणून काढला, आता मुलगा इथे नोकरीला आहे म्हणून घाटावर येऊन राहिले. हजच्या मोसमात त्यांनी यात्रेकरूंच्या जहाजांवरही काम केलं आहे. गाव त्यांना दर्याचाचा म्हणतं.

सुरुवात बहुधा हाजीसाहेब करतात. “आमच्या ‘अकबर’ची गोष्टच निराळी. तुमची ‘नूरजहां’ काय, नुसती हलायची.”

दाराआडून खालाजानचं उत्तर येतं, “हाजीसाहेब, इतिहास वाचा. नूरजहां म्हणजे अकबराची सून. सासऱ्यानं सुनेला नावं ठेवू नयेत.”

दर्याचाचा म्हणतात, “दोन्ही हलायची. फरक एवढाच, की अकबरवरचे घाटी जास्त ओरडायचे. घोडनदीत घोडा बुडेल एवढंही पाणी नाही आणि निघाले दर्या ओलांडायला!”

मागच्या खेपेला माझा एक भाचा मध्ये पडला. तो मित्रांबरोबर मुंबई-गोवा क्रूझला जाऊन आला होता. मोबाइलवर फोटो दाखवत होता. पोहण्याचा तलाव, रोषणाई, जेवणाच्या टेबलांवर पदार्थांच्या राशी. “दोन रात्री समुद्रावर होतो,” तो ऐटीत म्हणाला. हाजीसाहेबांनी फोटो नीट पाहिले, माशाअल्लाह म्हणाले आणि विचारलं, “दोनच रात्री? बेटा, आमच्या तर उलट्या थांबायलाच तीन दिवस लागले होते.”

या हसण्यामागे काय होतं, ते आजच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. मुंबईहून जिद्दाला हाज्यांना नेणारी कंपनी म्हणजे मोगल लाइन. 1877 साली वेगळ्या नावानं सुरू झालेली ही कंपनी 1986 मध्ये शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियात विलीन झाली. ‘मोहम्मदी’, ‘मुजफ्फरी’, ‘इस्लामी’, ‘सौदी’, ‘अकबर’, ‘नूरजहां’ ही जहाजांची नावं एके काळी घराघरांत ठाऊक होती. गावाकडची माणसं आधी मुंबईत येत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यासारख्या ठिकाणी उतरत, कागदपत्रं आणि लस यांच्या रांगा संपवून गोदी गाठत. लोखंडी ट्रंका, वळकट्या, लोणच्याच्या बरण्या, भाकरीचं पीठ, दंडाला बांधलेला इमाम जामीन आणि निरोप द्यायला आलेलं निम्मं गाव. जहाज सुटायच्या आधी प्रत्येकाची माफी मागितली जाई: कहासुना माफ करा. परत येऊच याची खात्री कुणालाच नसे.

पुढे आठ-दहा दिवस पाण्यावर. त्यातही हजचा महिना चंद्रावर चालतो. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 1984 मध्ये हज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला, म्हणजे जाणारी जहाजं ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात. ज्यानं नदीचा पूर सोडून दुसरं पाणी पाहिलं नाही, असा शेतकरी त्या लाटांवर कसा राहिला असेल, याचा विचार करा. हाजीसाहेबांच्या आईनं तर दुसऱ्याच दिवशी अंथरूण धरलं. “मी मरणार आणि हे लोक मला पाण्यात टाकणार,” असं म्हणून ती रडत होती. लिंबू चोखून झालं, आवळासुपारी झाली. शेवटी एका कोकणी खलाशानं तिला जहाजाच्या मधल्या भागात आणून बसवलं, कारण तिथे हेलकावे कमी लागतात. दूर क्षितिजाकडे बघत राहा म्हणाला. आणि वर म्हणाला, “अम्मा, घाबरू नका. तुम्ही मराल असं मला वाटत नाही. जो मरायला टेकतो, तो भाकरी कुणी खाल्ली याची चौकशी करत नाही. तुम्ही सकाळपासून तीनदा केली.” म्हातारी रडता रडता हसली. त्या रात्री तिनं पेज घेतली.

हाजीसाहेब ही गोष्ट सांगतात, तेव्हा दर्याचाचा हमखास म्हणतात, “तो खलाशी मीच असणार.” हाजीसाहेब म्हणतात, “तो देखणा होता.”

मला सर्वांत आवडते ती किब्ल्याची गोष्ट. आपल्याकडे जन्मभर सूर्य मावळतो त्या बाजूला तोंड करून नमाज पढायची सवय. अरबी समुद्रातही तसंच चालतं. पण जहाज बाब-अल-मंदबच्या चिंचोळ्या वाटेनं तांबड्या समुद्रात शिरलं की मक्का उत्तरेकडे येते, आणि जिद्दा जवळ येईल तशी ती उजव्या हाताला, पूर्वेकडे सरकते. तिथे इमामसाहेबांनी सफ वळवली, तेव्हा मराठवाड्यातले एक वयस्कर गृहस्थ अडून बसले. “साठ वर्षं मी मावळतीकडे तोंड केलंय, आज का बदलू?” वाद वाढायला लागला. तेव्हा एक खलाशी हळूच म्हणाला, “चाचा, काबा जागेवरच आहे. हललो आपण.” गृहस्थ क्षणभर गप्प झाले, मग स्वतःच हसत सफेत उभे राहिले. हाजीसाहेब म्हणतात, हजमध्ये अनेक तकरिरी ऐकल्या, पण एका वाक्यात इतकं कुणी सांगितलं नाही.

घड्याळाचंही तसंच. सौदीची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. त्यामुळे जहाजावरचं घड्याळ वाटेत थोडं थोडं मागे घेत. खालाजान म्हणतात, “जाताना अर्ध्या अर्ध्या तासानं झोप जास्त मिळाली. येताना दर्यानं ती परत घेतली. पण व्याज नाही हो घेतलं, दिली तेवढीच घेतली.”

वाचकांपैकी कुणाला वाटेल, हजच्या पवित्र प्रवासात असली थट्टा शोभते का? मी याच प्रश्नावर बराच विचार केला आहे. कुरआनात सूरह बकराच्या 197 व्या आयतीत हजच्या काळात तीन गोष्टींपासून दूर राहायला सांगितलं आहे: कामुक बोलणं-वागणं, पापाची कृत्यं आणि भांडण. पहिल्या दोन टाळण्याचा निश्चय माणूस घरून करून निघतो. तिसरी गोष्ट मात्र प्रवासात कसोटी बघते. हजाराहून अधिक माणसं एका जहाजात. अंथरुणाला अंथरूण लागलेलं. पाण्याच्या नळाला रांग, संडासाला रांग. कुणाची भाषा दख्खनी, कुणाची मल्याळम, कुणाची भोजपुरी. तिथे भांडण न होणं हीच नवलाची गोष्ट. या माणसांनी ते कसं टाळलं, असं मी तिघांनाही वेगवेगळं विचारलं. उत्तर जवळपास एकच आलं: सब्र केला, आणि सब्र संपतोय असं वाटलं की कुणीतरी हसवलं.

वळकटीच्या जागेवरून दोघं जण एकमेकांवर डोळे काढत होते. तेव्हा तिसऱ्यानं मध्ये आपली चटई टाकली आणि म्हणाला, “तुम्ही भांडून घ्या, तोवर मी झोपतो.” एवढ्यानं दोघांचा आवाज उतरला. पुढे जिद्दाला उतरताना एकाची ट्रंक दुसऱ्यानं उचलली होती.

आपल्या पैगंबर मुहम्मद (स.) यांच्या स्वभावातही विनोद होता, हे हदीसमधून आपल्याला माहीत आहे. एकानं त्यांच्याकडे प्रवासासाठी वाहन मागितलं, तेव्हा त्यांनी उंटिणीचं पिल्लू देतो असं सांगितलं. तो बिचारा गोंधळला, पिल्लावर बसून जाऊ कसा? तेव्हा त्यांनी लक्षात आणून दिलं, की प्रत्येक उंट हा कुठल्या तरी उंटिणीचं पिल्लूच असतो. यात खोटं काही नाही, कुणाचा अपमान नाही, आणि वाहन मात्र मिळालं. सूरह हुजुरातमध्ये मात्र एकमेकांची टिंगल करायला आणि टोपणनावांनी हिणवायला स्पष्ट मनाई आहे. मला वाटतं, जहाजावरची थट्टा आणि चव्हाट्यावरची टिंगल यांतला फरक हाच. एकीनं समोरच्याचं ओझं हलकं होतं, दुसरीनं जड होतं. आमच्या अंगणातही मी पाहिलं आहे: घाटी-कोकणी, अकबर-नूरजहां यावर कितीही चालेल, पण कुणाची गरिबी, कुणाचं शिक्षण, कुणाची जात-बिरादरी यावर या तिघांपैकी एकानंही कधी विनोद केलेला नाही. आणि उठताना एकमेकांना म्हणतात, कहासुना माफ.

एक गोष्ट मात्र अशी आहे, की ती निघाली की तिघंही थोडा वेळ शांत होतात. जिद्दा दोन दिवसांवर असताना ‘अकबर’वर एका वृद्धाचं निधन झालं. गुस्ल झालं, कफन तर त्यांनी सोबत घेतलंच होतं. डेकवर जनाज्याची नमाज झाली. जहाजाचा वेग कमी केला गेला आणि वजन बांधलेलं ते कफन पाण्यात सोडलं गेलं. त्या संध्याकाळी कुणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही बायका त्यांच्या पत्नीभोवती नुसत्या बसून होत्या. काय बोलावं ते कुणाला सुचेना. शेवटी तीच म्हणाली, “घरीसुद्धा ते असेच होते. स्टेशन यायच्या आधीच उठून दारात उभे राहायचे.” मग सगळ्याच रडल्या आणि रडता रडता हसल्या. यलमलमचा भोंगा झाला, तेव्हा त्याच बायकांनी तिला धरून वजूला नेलं आणि सगळ्या मिळून लब्बैक म्हणाल्या. हाजीसाहेबांच्या आईनं हे सारं जवळून पाहिलं. त्यानंतर पाण्यात टाकतील म्हणून ती पुन्हा कधी रडली नाही.

जहाजानं हजला जाणं 1995 पासून बंद झालं. आता विमान पाच-सहा तासांत जिद्दाला पोचवतं. वृद्धांचे आणि आजाऱ्यांचे किती हाल वाचले! त्याबद्दल अल्लाहचे आभारच मानायला हवेत. जुन्या दिवसांचं कौतुक करताना त्या उलट्या, ती गर्दी, ती भीती विसरून चालणार नाही. खालाजान स्वतःच सांगतात, “मला पुन्हा बोलावलं तर मी विमानानंच जाईन. नूरजहांला माझा सलाम सांगा.”

पण विमानात शेजारच्याचं नाव विचारायच्या आत आपण उतरतो. मग मक्केतल्या खोलीत, मीनाच्या तंबूत, चार अनोळखी माणसं एकत्र राहतात, आणि पंख्याचा वेग, जेवणाची वेळ, बाथरूमची पाळी यावरून शब्दाला शब्द लागतो. उमऱ्याहून परत आलेल्यांकडून काबागृहाचं वर्णन ऐकावं, तर अर्धा वेळ ग्रुपमधल्या भांडणांचंच ऐकावं लागतं. जहाजाला जे आठ-दहा दिवस मिळत, ते आता मिळणार नाहीत. म्हणून हसतमुखानं वागण्याची तयारी घरूनच करून निघावी लागेल, जशी दुआ पाठ करतो, एहराम शिवणीशिवाय आहे ना ते बघतो, तशीच.

आणखी एक विनंती. त्या जहाजांवर जे विशीत होते, ते आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. जे तेव्हाच कर्तेसवरते होते, ते थकले आहेत. तुमच्या घरात, मोहल्ल्यात असा कुणी जहाजवाला हाजी किंवा हज्जन असेल, तर त्यांच्याजवळ बसा. हजचे अरकान आपल्याला पुस्तकांतून कळतील. पण अंथरुणाला अंथरूण लागलेलं असताना माणसं एकमेकांशी कशी वागली, कुणी कुणाला कशावरून हसवलं, हे त्यांनाच माहीत आहे. मुलांना ते ऐकू द्या, एका वहीत उतरवून ठेवा. कोणतं जहाज, कोणतं साल, सोबत कोण होतं, जमजमचे डबे कसे डाग देऊन बंद केले, सगळं विचारा. ते थोडं वाढवून सांगतील, तेव्हा बाजूला दुसरा जहाजवाला असला म्हणजे बरं. तो दुरुस्त करेल.

अल्लाह त्या सर्व हाज्यांचं हज कबूल करो, जे वाटेतच राहिले त्यांचंही. आणि आपल्याला असा स्वभाव देवो, की आपल्या शेजारी ज्याची वळकटी पडेल, त्याला प्रवास सोपा वाटावा. आमीन.